पाणी मारायचे महिने

मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला आणि कागद डोळ्यांजवळ धरला. "सातव्या महिन्यात हे काय लिहिलंय? 'पाणी मारणे'?"

समोर कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमधल्या असिस्टंट बाई उभ्या होत्या. सतरा वर्षं त्यांनी याच इमारतीत पोरांचे विसरलेले पासवर्ड बदलून दिले होते. आता मॅडमच्या हाताखाली पीएचडीची एकच जागा रिकामी होती, आणि संशोधनाचा आराखडा पसंत पडला तरच ती मिळणार होती. दोन आराखडे परत आले होते. हा तिसरा, आणि आज शेवटचा दिवस.

त्या टेबलावर वाकल्या. छत्तीस महिन्यांचे छत्तीस चौकोन, आणि त्यातल्या सात-आठ चौकोनांतल्या छापील मजकुरावर पेन्सिलीने काट मारून वर दुसरंच लिहिलेलं. अक्षर सासऱ्यांचं. चाळीस वर्षं बांधकामावर मुकादमी केलेला माणूस. सकाळी चहा पिताना, "बघू तरी सूनबाई काय बांधतेय," म्हणून कागद मागून घेतला होता. निघायच्या गडबडीत बाईंनी तो तसाच पिशवीत कोंबला होता.

"आणि बाविसाव्यात, 'फोडून परत बांधणे'," मॅडम वाचतच होत्या.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "मॅडम, सासऱ्यांचे उद्योग आहेत हे. मुकादम होते ते. नेहमी सांगतात, स्लॅब टाकला की लगेच वर नाचायचं नाही. पाणी मारायचं, थांबायचं. नाहीतर तडे जातात."

"तुमचा विषय काय हो?"

"कुठला सर्व्हर कधी बंद पडेल, ते आधी ओळखणं."

"आणि तुमच्या आराखड्यात तीन वर्षांत एकदाही काही बंद पडत नव्हतं! म्हणून तर दोन्ही वेळा परत पाठवला मी." मॅडमना हसू आवरेना.

बाई आधी ओशाळल्या, मग त्यांनाही हसू फुटलं. मॅडमनी पेन्सिलीच्या खुणांसकट त्या कागदावर झोकात सही ठोकली. बाईंना इतका आनंद झाला की आभार मानायचंही सुचलं नाही. कागद छातीशी धरून त्या निघाल्या.

दारापर्यंत पोचल्या तोच मागून हाक आली. मॅडमचा आवाज एकदम खाली आला होता.

"अहो, सासरेबुवा सध्या मोकळे असतात का? माझं पुस्तक नऊ वर्षं रखडलंय."