साहेबांना आवाज येत नाही

भातखाचराकडे येणारा पाट बंगलेवाल्याने भिंत घालून अडवला, म्हणून मळवलीच्या भिमाजीआबांनी तहसीलदारसाहेबांकडे तक्रार केली. सुनावणी ऑनलाइन लागली. सुनेने लॅपटॉपचा कॅमेरा, माइक, स्पीकर, पडदा, सगळं तपासलं. एकही खोट निघाली नाही. साहेब पडद्यावर आले, नमस्कार झाला, पाऊसपाण्याची चौकशी झाली. आबा मुद्द्यावर आले. “साहेब, त्या भिंतीनं आमचं पानी तोडलंय.” “आबा, आवाज येत नाहीये.” “आता येतोय का?” “आता खणखणीत.” “ती भिंत पाडा, रोपं वाळाय लागलीत.” “परत गेला.” आबांचा पारा चढला. “भिंत म्हणलं की तुमच्या कानांना दडं बसत्यात व्हय?” साहेब आबांचे हलते ओठ बघत राहिले. शेवटी मागून आबांच्या कारभारीण नंदाबाई सुनेच्या कानात पुटपुटल्या, “साहेबांस्नी इंद्रायणीचं पोतं धाडावं का गं?” साहेब म्हणाले, “मावशी, जुना तांदूळ असू द्या. नवा गिचका होतो.”