सुटे भाग

एमरिस आणि गेथिन या भावांनी तरुणपणी सारख्याच लाल स्पोर्ट्स कार घेतल्या होत्या. एमरिस कॅन्सरने गेला, तेव्हा गेथिन त्याच्या बायकोकडे, मायरकडे आला. “वहिनी, त्याची गाडी मला दे. जिवापाड सांभाळीन.” तिने किल्ली काढून दिली. महिन्याभराने ती स्वान्सीला त्याच्या घरी गेली, तर गॅरेजात नवऱ्याची गाडी विटांवर उभी होती. चाकं नव्हती, इंजिन नव्हतं, दारंही उतरवलेली. शेजारी गेथिनची गाडी झोकात घुरघुरत होती. “काय करणार? हल्ली नुसत्या गिअरबॉक्सच्या किमतीत अख्खी गाडी येते,” तो म्हणाला. “त्याचाच जीव आता हिच्यात धावतोय असं समज. चल, बस, समुद्रापर्यंत फिरवून आणतो.” मायर जागची हलली नाही. “हॉस्पिटलात शेवटपर्यंत तुझी वाट बघत होता तो,” ती म्हणाली. “आणि तू फोनवर सांगायचास, गाडी बंद आहे.”