थंडी वाजते का?

"थंडी वाजते का?" वहीवाल्या बाईंनी विचारलं.

"वाजते ना," कुलूपवाले काका म्हणाले. खरं तर पांघरुणात त्यांना घामाच्या धारा लागल्या होत्या.

हृदयाच्या ऑपरेशनला आठ दिवस झाले होते. डॉक्टर आधीच म्हणाले होते, छाती उघडली की थायरॉईडचं हार्मोन रुसून खाली बसतं, थंडी वाजते, मग आपसूक वर येतं. आम्ही फक्त रक्त तपासून अभ्यास करतोय. चौथ्या दिवसापासून ह्या बाई रोज सकाळी, चहाच्या आधी यायला लागल्या. गळ्यापर्यंत बटणं लावलेला स्वेटर, हातात जाड वही. झोप लागते का, आवाज बसलाय का, थंडी वाजते का. खोकला आला तर वही छातीशी घट्ट धरायच्या, जणू आत सरकारी गुपितं.

"हार्मोन वर आलं की?" काकांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"मग घरी. वही बंद."

घरी कोण होतं? जन्मभर काकांनी लोकांची कुलपं उघडली. स्वतःच्या घराला किल्ली एकच, तीही उशीखाली. म्हणून काका रोज नेमाने कुडकुडायचे.

"एवढ्या उकाड्यात थंडी? थापा मारता की काय?"

"तुम्ही लिहा हो. थाप असलीच तर हार्मोनची."

बाई हसल्या, खुर्चीचा आधार घेत उठल्या. खुर्ची जागेवर ठेवायच्या मात्र कधीच नाहीत.

नवव्या दिवशी त्या आल्याच नाहीत. चहा निवून गेला.

"काका, आज तुम्हाला सुटी," सिस्टर म्हणाली.

"आणि माझं हार्मोन? वहीवाल्या बाई अजून यायच्यात."

"कोण बाई? शेवटचं रक्त पाचव्या दिवशीच घेतलं. तुमचं हार्मोन ठणठणीत आहे. जरा चालून या. खोकला आला तर उशी छातीशी घट्ट धरा, टाके ओले आहेत. आणि काही उचलायचं नाही, खुर्चीसुद्धा नाही."

उशी बगलेत मारून काका निघाले. बायकांच्या वॉर्डाच्या दाराशी पाय थबकले. प्रत्येक खाटेजवळ कुणाची लेक, कुणाचा भाऊ. तिसऱ्या खाटेजवळच्या स्टुलावर नुसताच एक स्वेटर.

खाटेवर दवाखान्याचा सदरा घातलेल्या बाई वही छातीशी धरून खोकत होत्या. सदऱ्याच्या गळ्यातून टाक्यांवरची पट्टी डोकावत होती.

काका स्वेटर मांडीवर घेऊन स्टुलावर बसले.

"थंडी वाजते का?"

बाईंनी डोक्यावर गरगरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं आणि पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं.

"वाजते ना. उद्या पुन्हा विचारायला या."