मंगळवारची नजर

दर मंगळवारी दुपारी चारच्या सुमारास सुचिताचे डोळे वर जात आणि वरच राहत. बुबुळांचा खालचा काठ तेवढा दिसे. बाकी सगळे पांढरे. मान मागे ओढली जाई, जीभ जड होई. दोनेक तासांनी डोळे आपोआप खाली येत. इतर दिवशी काही होत नसे.

असे पाच मंगळवार झाले. मंगळवार देवीचा. तिसऱ्या खेपेपासून वरवट बकाल गावच्या बायका ओटी घेऊन येऊ लागल्या. सुचिता आढ्याकडे पाहत असे आणि त्या तिच्या पायांवर डोकी ठेवीत. सासू तानुबाई नारळ फोडीत. लग्नाला जेमतेम दीड महिना झाला होता. देवीचे माणूस संसारात ठेवू नये, असे गावातल्या थोरांनी ठरवले. सहाव्या मंगळवारी तिला कायमचे देवळामागच्या खोलीत न्यायचे होते. तिचा नवरा गोकुळ काही बोलला नाही. तो एरवीही कमीच बोले.

त्या दिवशी तिचा भाऊ हर्षल आला. डोळे चढलेले असतानाच त्याने तिला गाडीत घातले. तानुबाई हळदीकुंकू घेऊन मागे बसल्या. जळगाव जामोदच्या डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिले. पंधरा मिनिटांत डोळे खाली आले. मनाच्या आजारावरच्या काही औषधांनी डोळे असे चढतात, त्या म्हणाल्या. ही असले औषध कधीपासून घेते, त्यांनी विचारले. हर्षल चिडला. त्याची बहीण डोकेदुखीची गोळीही घेत नव्हती.

तानुबाईंनी हात जोडून विचारले, देवी रागावून गेली का.

"कायची देवी, आई?" सुचिता म्हणाली. "मले सारं आयकू येत होतं. डोये खाली करा, डोये खाली करा, म्हणून मी मनात बोंबलून राह्यली होती. अन् तुम्ही माह्या पायावर पानी टाकत होत्या."

तानुबाईंनी हळदीकुंकू पदराखाली सारले.

"दवाई हाय घरात," त्या म्हणाल्या. "पन तिची नाही. माह्या पोराची."

गोकुळला चार वर्षांपासून भास होत. तो औषध घेईना, म्हणून तानुबाई रोज दुपारी त्याच्या वरणात थेंब मिसळीत. हे त्याला ठाऊक नव्हते. सुनेच्या माहेरी तर कोणी सांगितलेच नव्हते. एरवी तो ताट पुसून खाई. मंगळवारी आठवडी बाजारात भजी खाऊन येई आणि वरण-भात तसाच टाकी. नवऱ्याच्या उष्ट्या ताटात जेवण्याची रीत सुनेला तानुबाईंनीच लावली होती.