सुनेचा पास

देवासच्या मैदानावर आमच्या कॉलनीतल्या बायकांची धारच्या बायकांशी फुटबॉलची फायनल होती. मी गोलकीपर, माझ्यापुढे बचावाला माझी नवी सून उर्वशी. आम्ही एका गोलनं पुढे होतो, पण अख्ख्या खेळात तिनं मला एकदाही पास दिला नव्हता. अडली की चेंडू सरळ मैदानाबाहेर. शेजारची अल्पना म्हणालीसुद्धा, "काकू, बहू रुसलीय काय?" मलाही तेच वाटायला लागलं होतं.

शेवटच्या मिनिटाला चेंडू उंच आला आणि धारच्या दोघी धावत सुटल्या. उर्वशीनं तो डोक्यानं माझ्याकडे टोलवला. मी झेलून पोटाशी धरला.

"फाउल! आपल्याच बाईचा पास हातात घेतला!" धारवाल्या ओरडल्या.

रेफ्री हसला. "पायानं दिला असता तर फाउल, दीदी. डोक्यानं दिलेला चालतो."

शिट्टी वाजली. जिंकलो! मी उर्वशीला गाठलं. "एवढा नियम पाठ होता, तर आधी का नाही गं दिलास?"

"नियम कुणाला माहीत, आई! तुमच्याकडे बघून लाथ कशी मारू? कधीची डोक्याच्या उंचीवर चेंडू यायची वाट बघत होते."