पंचवीस वर्षं मुरलेला सिरका

रहीमभाईंनी शिशीच्या बुचाला हात घातला आणि त्यांच्या बायकोनं, रईसानं, त्यांचं मनगट धरलं.

"थांबा जी, येवढी घाई काहून करता? माकडं पाहून राह्यले."

"पाहू दे. त्यायले कुठं सिरक्याची कदर!"

मार्चची दुपार. चिखलदऱ्याच्या दरीवरचा दगडी कठडा तापला होता. पावसाळ्यात जिथून धबधबा कोसळतो, तिथे आता नुसता काळा कडा. सगळ्या पॉइंटावर हे दोघंच. स्ट्रॉबेरी विकणारी पार्बताबाई मघाशी म्हणालीच होती, "चाचा, या दिवसात इथं एक तं माकडं येते, नाही तं नव्या लग्नाचे जोडपे. तुमी कोन्त्यातले?" रहीमभाई चक्क लाजले होते.

अकोल्यात, जठारपेठेत त्यांचं लोणच्याचं दुकान. लोणचेवाल्यानं फिरायला निघायचं तर असंच, हंगाम नसताना. उन्हाळ्यात कैरी, पावसाळ्यात बरण्यांना बुरशीपासून जपणं, थंडीत लिंबू आणि आवळा. मधले हे चार दिवस तेवढे मोकळे. तरी लग्नापासून ते कधी निघाले नव्हते. यंदा मात्र आपणहून म्हणाले, "चाल, तुले चिखलदरा दाखवतो." आणि आज सकाळी ऐन निघताना म्हणाले, "तो इटालीचा सिरका बी संगं घेऊ. उजैर म्हणते, स्ट्रॉबेरीवर थेंब थेंब टाकून खा."

उजैर त्यांचा मुलगा. इटलीत हॉटेलात स्वयंपाकी. सुट्टीवर आला तेव्हा त्यानं ही अंगठ्याएवढी काळ्या काचेची शिशी आणली होती. अस्सल बाल्सामिक व्हिनेगर, म्हणजे तिकडचा सिरका. द्राक्षाचा रस आटवून पंचवीस वर्षं लाकडी पिपांत मुरवलेला. रहीमभाईंनी शिशी दोन्ही हातांनी घेतली होती. "आपलं लोणचं सालभर मुरलं तं आपण गावभर मिरवतो," ते म्हणाले आणि शिशी काचेच्या कपाटात गेली. उघडायची नाही. खास मौका आल्याशिवाय तर नाहीच.

ती उघडली रईसानं. बकरी ईदला नणद-नंदोई जेवायला आले आणि नेमका घरातला सिरका संपलेला. तिनं शिशी कांद्यावर उपडी केली. नंदोई म्हणाले, "भाभी, कांदे काळे काहून पडले?" पंचवीस वर्षांची तेवढीच काय ती तारीफ झाली. रिकामी शिशी पुसून तिनं जागच्या जागी ठेवली. हा माणूस ती कधी उघडत नाही, याची तिला खात्री होती.

आज सकाळी ती खात्री गेली. बस गाठायची होती, दुकानाला कुलूप लागल्यानं तिथला सिरकाही हाती लागणार नव्हता, आणि चुलीवर होता तिचा रोजचा साखरेच्या बिमारीवरचा काढा. काडेचिराइताचा. काळा, आणि कडूजहर. तिनं तोच शिशीत भरला. वाटेत फुटली म्हणून सांगू, असा तिचा बेत होता. पण रहीमभाईंनी शिशी बंडीच्या आतल्या खिशात घातली ती इथं येईपर्यंत काढली नाही.

आणि जीभ तरी कोणाची! मसाला कालवला की चिमूटभर जिभेवर ठेवून ते डोळे मिटत. त्यांनी मान हलवल्याशिवाय त्यांच्या घरात कैरीची फोड मसाल्यात पडत नसे. मागच्या उन्हाळ्यातलं लोणचं खारट झालं म्हणून गिऱ्हाइकांनी बरण्या परत आणल्या, तेव्हा ते भडकले होते. दोन वर्षं पाऊस रुसलेला, कपाशी करपलेली, बाजार ओस. "दुष्काळानं लोकायची जीभच मेली!" म्हणाले. घरी मात्र अलीकडे नरमले होते. पूर्वी रोज भाजीत खोट काढत. मागच्या उन्हाळ्याच्या तोंडी मोठा ताप येऊन गेला, तेव्हापासून ताटात पडेल ते मुकाट जेवत. रईसा शेजारणीला सांगे, "म्हातारपणी मानूस सुधरला, बाई."

बूच निघालं. स्ट्रॉबेरीवर दोन थेंब पडले. रहीमभाईंनी ती तोंडात टाकली आणि डोळे मिटले.

रईसानं पदर तोंडाला लावला. आता हा माणूस थुंकणार. मग घरी जाईपर्यंत, आणि गेल्यावरही, तिचं काही खरं नव्हतं.

"वा!" रहीमभाई म्हणाले. "आंबट म्हनाव तं गोड, गोड म्हनाव तं आंबट. याले म्हनते मुरनं!"

थट्टा चालली आहे असं तिला वाटलं. तिनंही एक स्ट्रॉबेरी तोंडात टाकली. कडू थेट कानापर्यंत गेलं. तिनं मान वर केली, तर रहीमभाई तिच्याकडेच पाहत होते. थट्टेनं नव्हे. निकाल लागायच्या दिवशी पोरगं मास्तरकडे पाहतं, तसे.

"कशी हाये?" त्यांनी विचारलं.

परत आलेल्या बरण्या तिच्या डोळ्यांपुढे आल्या. त्या तापानंतरचं ते मुकाट जेवणही आलं. तिनं तो घास गिळला.

"गोड हाये," ती म्हणाली. "पन उजैरच्या अब्बा, एक सांगू? असा शाही सिरका चाखून तुमची जीभ आता नवाबाची झाली. आपला गरिबाचा मसाला तिले काय समजन? यंदा कैरीचा मसाला मी चाखीन. तुमी नुसती मान हलवा."

रहीमभाईंनी हातातली शिशी कठड्यावर ठेवली.

"हेच सांगाले तुले इथवर आनलं होतं," ते म्हणाले. "घरी तोंडातून निंघे ना."

रईसानं त्यांच्या हातावर हात ठेवला. पार्बताबाई दुरून पाहून हसली.

"तुले आवडला ना? मंग घे!" रहीमभाई म्हणाले, आणि खुशीत येऊन त्यांनी उरलेली सगळी शिशी तिच्या स्ट्रॉबेऱ्यांवर उपडी केली.