नाकरावांच्या टेबलावर

"बाटली कुठली ते मला ठाऊक आहे. वास कसला येतो ते सांगा," बाबा म्हणाले.

लेकीने पसंत केलेला माणूस समोर बसला होता. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, पण नखांच्या कडांना लाकडाचा भुसा. सुतार. आयुष्यात त्याने वाइनचे चार ग्लास घेतले असतील नसतील. आणि बाबांनी मोठ्या हॉटेलात एकतीस वर्षं पाहुण्यांच्या ताटाला वाइन जुळवून दिलेली. बूच हुंगून ते द्राक्षं डोंगरउतारावरची की सपाटीवरची ते सांगत, म्हणून तिथे त्यांना सगळे नाकराव म्हणत. लेकीने मागे आणलेल्या एकाला त्यांनी याच टेबलावरून वाटेला लावलं होतं. का, तर त्याने सुपाबरोबरची वाइन पाण्यासारखी ढोसली.

दीड वर्षापूर्वी बाबा मोठ्या तापातून उठले आणि गुडघ्यांचं निमित्त सांगून त्यांनी नोकरी सोडली. तेव्हापासून घरात एक बूच उघडलं नव्हतं. बाहेर जेवायला गेले तरी मेनू बाजूला सारून वेटरला म्हणायचे, "तुम्हीच सांगा." आज मात्र रविवारच्या जेवणाला त्यांनी आपणहून तीन बाटल्या काढल्या होत्या. परीक्षाच ही, दुसरं काय.

सुताराने मशरूमच्या सुपाचा घोट घेतला, मग फिकट वाइनचा.

"सफरचंदांची पेटी," तो म्हणाला. "रिकामी. फळं कधीच गेली, काका, पण फळीला वास राहिलाय."

लेकीने मान खाली घातली. असलं उत्तर कुठल्या पुस्तकात बसणार?

बाबा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "फळी कसली?" त्यांनी विचारलं.

"हलकी. कच्ची. खिळा ठोकला तर चिरेल अशी."

"पुन्हा घ्या. अजून सांगा."

तळलेल्या माशाबरोबर दुसरी बाटली आली. सुतार म्हणाला, पाटी ओल्या फडक्याने पुसली की यायचा तसा वास आहे, आणि माशावर लिंबू पिळलं की पाटी कोरडी होते. बाबांनी त्याचा ग्लास पुन्हा भरला. अजून सांगा. तिसरी बाटली भाजलेल्या कोंबडीबरोबर. ही लालभडक.

"एकटी प्यायली तर तुसडी आहे," सुतार म्हणाला. "करपलेल्या कडेबरोबर घेतली की मऊ होते. भांडखोर माणसाच्या मांडीवर तान्हं मूल ठेवावं, तशी."

"आणि वास?"

"आमच्या वडिलांचा कोट. कामावरून आल्यावर खुंटीला टांगलेला." त्याने ग्लास खाली ठेवला. "ते आता नाहीत."

बाबांनी डोळे मिटून घेतले होते. "कोंबडीत काय काय आहे?"

"लसूण. लोणी. आणि शेवटी संत्र्याची साल किसून घातलीय, नाही का काकू?"

आई वाढता वाढता थांबली. "बघा," ती म्हणाली, "बाहेरच्या माणसाला कळतं. या घरात मी दीड वर्ष अन्न शिजवतेय का दगड, हेसुद्धा कुणी सांगत नाही."

बाबांनी सुताराचा ग्लास पुन्हा भरला. पाहुण्याला आधी, स्वतःला शेवटी, ही त्यांची जुनी शिस्त. सुताराचा ग्लास इतक्यांदा भरला गेला की त्यांच्या वाट्याला येईपर्यंत बाटली रिकामी. नजर त्याच्यावरून न काढता त्यांनी हात मागे नेला, कपाटावरची उघडी बाटली घेतली आणि आपला ग्लास भरला.

पहिल्याच घोटाला त्यांना ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं.

"ताकदीची आहे," ते म्हणाले. "हं, तो कोट. लोकरीचा होता?"

"अहो, सॅलडवर घालायचा सिरका कुणी उचलला?" आईने स्वयंपाकघरातून विचारलं. कुणाचं लक्ष नव्हतं. शेवटी तिने लिंबू पिळलं.

लेकीच्या मनात जात्यासारखं एकच फिरत होतं. हो म्हणतील की नाही? चीज आलं, फळं आली. प्रश्न संपेनात. सुताराच्या कपाळावर घाम होता, पण तो प्रत्येक प्रश्नाला आधी हुंगत होता आणि मग खरं तेच सांगत होता.

निघताना बाबांनी त्याचा हात हातात घेतला, तो सोडेचनात.

"पुढच्या रविवारी पुन्हा या."

"बाबा, पास की नापास, एवढं तरी सांगा," लेक म्हणाली. "माणूस आहे तो. बाटली नाही, दर आठवड्याला उघडून बघायला."

"एवढ्यात नाही सांगता यायचं," बाबा म्हणाले. "याच तुम्ही. नक्की या. हिच्या आईला सांगतो, मटण कर."

सुतार गेला. बाबा खिडकीपाशी जाऊन तो वळणाआड होईपर्यंत बघत राहिले. लेकीने त्यांच्याकडे पाठ केली आणि टेबल आवरायला घेतलं. ताटं एकात एक घातली, ग्लास मोरीत नेले. रागाने हात भरभर चालत होते.

बाबांचा ग्लास तिने शेवटी उचलला. तळाशी थेंबभर उरलं होतं. नळाखाली धरण्याआधी, लहानपणी त्यांनीच लावलेल्या सवयीने, तिने तो नाकाशी नेला.

आंबट वास नाकात झोंबला. आईचा हरवलेला सिरका होता तो. बाबांनी तो चवीचवीने, घोटघोट करत संपवला होता.